अकरा वह्या आणि उत्तराची बारावी

मी, मार्तंड लवू घाडी, वय एकोणसत्तर, गिरणीच्या ऑफिसातला निवृत्त कारकून, राहणार बोरीवली पूर्व, डोकं ठिकाणावर असताना, कुणीही भरीस न घालता हे लिहून ठेवतो. गुडघे सोडले तर प्रकृतीची तक्रार नाही.

१. राहती जागा पत्नी रत्नप्रभा हिची. तिच्या पश्चात मुलगा नंदकिशोर व सून उत्तरा या दोघांच्या नावे व्हावी. पोस्टातली ठेवही रत्नप्रभेचीच. काटकसर तिची होती, सह्या तेवढ्या माझ्या.

२. ऑफिसात एकदा साहेबाच्या पत्रातला शब्द अडला. हेडक्लार्कना अर्थ विचारला तर ते सगळ्यांदेखत हसले. त्यांना मी माफ केलेलं नाही. त्या दिवसापासून रोज पाच अवघड इंग्रजी शब्द अर्थासकट लिहिले, अकरा वह्या भरल्या. डिक्शनरी रद्दीतली, 'एस'च्या पुढची पानं गायब. म्हणून पुढचे शब्द मी सोडून दिले.

३. उत्तरा मॅट्रिक होऊन या घरात आली. कॉलेजचं विचारलं तेव्हा मी म्हणालो, "सुनेनं शिकून काय दिवे लावायचेत?" तिनं पुन्हा विचारलं नाही.

गेल्या दिवाळीत माळा झाडताना बारावी वही सापडली. अक्षर उत्तराचं. 'टी'पासून 'झेड'पर्यंत सगळे शब्द, दुपारी लायब्ररीत बसून उतरवलेले. 'टेनेशस : चिकाटी न सोडणारा.' मी विचारलं तर म्हणाली, "तुमचं अर्धवट राहिलेलं ना बाबा, म्हणून."

मला फार लाज वाटली. माझ्या सातव्या वहीत 'मॅग्नॅनिमस : थोर मनाचा' असं मीच लिहिलं आहे. घोकलं, अंगी बाणलं नाही.

४. बाराही वह्या उत्तराच्या. माझं टेबल व खिडकीजवळची जागाही तिची. तिथे कुणी इस्त्रीचे कपडे ठेवू नयेत.

५. उत्तराच्या कॉलेजचं मी काढलं, तर नंदकिशोर परवा म्हणाला, "आता या वयात कॉलेज? लोक हसतील ना, बाबा!" अरे, हे बोलणं तू माझ्याकडूनच उचललंस. तेव्हा दोष तुझा नाही. पण तिला अडवू नकोस. सकाळचा डबा तुझा तू भर.

६. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे ते रद्द करण्याचा प्रश्न नाही. मात्र उत्तराच्या शिक्षणाबाबत याआधी मी जे जे बोललो, ते सर्व या लेखाने रद्द करतो. कॉलेजच्या फॉर्मची मुदत येत्या शनिवारपर्यंत आहे. त्यासाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये.

सही : मार्तंड लवू घाडी

आम्हां दोघांसमक्ष सही केली :
१. सुनंदा जयवंत तावडे, शेजारी
२. भाऊ धोंडू नाईक, सोसायटीचे सेक्रेटरी

बोरीवली, सोमवार, १७ जून १९८५