पाली फाट्यावरचा डकोटा

पाली, जि. बीड
४ ऑगस्ट २०२५

चि. प्रियदर्शनी हिला केसरबाईचा अ. उ. आ.

पत्र लिहायचं कारण की तुज्या फोनचा मला काई उपेग न्हाई. तू तिकडून बोलतीस, मला ऐकू येत न्हाई, मी आपलं हो हो करते, अन् मग तुजा बाप त्याला पायजे तसा अर्थ सांगतो. कागदाला कान लागत न्हाईत. अक्षर प्रौढ वर्गात गिरवलेलं हाय, हसायचं असंल तर तिकडंच हस.

तुजी आई सांगत होती की हैदराबादच्या संग्रहालयात तुला नोकरी लागली. काम काय, तर विमानतळाचे जुने फोटो बघून कोणतं विमान कोणतं ते सांगायचं. पोरी, सोळा वर्षं शिकलीस ती ह्याच्यासाठी? आमच्या बाजारात दलाल बैलाचे दात बघून वय सांगतो, त्याला कोणी पदवी दिलेली ऐकली न्हाई.

आता कामाचं. माज्या दिराचा, म्हणजे राधाकिशन भावजीचा, विजयसिंह. तुजा विजूकाका. त्याला यंदा इलेक्शनला उभं राहायचंय, अन् माळ्यावर त्याला बापाचा एक फोटो सापडला. भावजी पटका बांधून विमानापुढं उभे. तेवढ्यावर ह्यानं रचलं की अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शनच्या वक्ताला भावजी हैदराबादेहून निरोप घेऊन विमानानं आले अन् आपला मुलूख सुटला. भावजीला बैलगाडीत बसलं तरी ओकारी यायची. जिवंत होते तवर ह्या पराक्रमाचं एक अक्षर बोलले न्हाईत, मेल्यावर पोराला सांगितलं का काय, देव जाणे.

तर आता स्मारक पायजे. चौथरा, अन् त्यावर सिमेंटचं विमान. अन् ते कुठं, तर फाट्यावरच्या माज्या तुकड्यावर, जिथं मकसूदचं ग्यारेज हाय. मकसूदच्या बापापास्नं ते ग्यारेज तिथंच हाय, त्यानं जावं कुठं हे कोणी विचारत न्हाई. सगळ्या रानात तेवढा एकच तुकडा माज्या नावावर उरलाय. विजूनं तुज्या बापाला सोसायटीचा चेअरमन करतो म्हणलंय, म्हणून अंगद नुसता मान हलवतोय. सतरा सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, अख्ख्या गावासमोर माजी सही घ्यायचं ठरलंय. मला विचारून न्हाई.

तुज्या आईकडून फोटो तुज्या फोनवर धाडलाय. विमान त्या सालचं हाय का न्हाई तेवढं सांग. तुज्या नोकरीचा कोणाला तरी उपेग होऊ दे.

लोभ असावा म्हणायची रीत हाय म्हणून लिहिते. असला तर लवकर उत्तर दे, नसला तरी दे.

तुजी आजी,
केसरबाई

*

हैदराबाद
१२ ऑगस्ट २०२५

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून ऑफिसात एकटीच हसत बसले. बैलाच्या दातांचं मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, आजी बरोबर बोलतात, आपणही चाकं आणि शेपट्याच मोजतो.

फोटो नीट पाहिला. राधाकिशन आजोबांच्या मागे आहे ते विमान डकोटा आहे. पंखांवर दोन इंजिनं, शेपटीखाली लहानसं चाक, त्यामुळे जमिनीवर असताना नाक वर करून बसल्यासारखं दिसतं. अठ्ठेचाळीस साली हैदराबादला डकोटा होते. त्यामुळे काका म्हणतात ते अगदीच अशक्य आहे असं म्हणता येणार नाही.

आजी, एक सांगू का? तू फार ताणू नकोस. जमीन शेवटी घरातच राहते आहे. काल पप्पांचा फोन आला होता, बरे आहेत. गुडघ्याला तेल लावतेस ना?

तुझ्या रागावर आणि लोभावर माझा सारखाच हक्क आहे, हे विसरू नकोस.

तुझी,
प्रियदर्शनी

*

पाली
२१ ऑगस्ट २०२५

चि. प्रियदर्शनीला अ. उ. आ.

गुडघ्याचं विचारू नको, गुडघा सही करत न्हाई.

तुजं पत्र वाचून लई दिवसांनी पोट धरून हसले. मला वाटलंच होतं की ते विमान डकोटा असणार. दुसऱ्या दिवशी पारावर सगळ्यांदेखत विजूला सांगितलं की हैदराबादच्या साहेब लोकांनी लिहून दिलंय, तुज्या बापाचं विमान डकोटा होतं, चार माणसांनी ढकलल्याबिगर चालू होत नसंल. तोंड असं झालं की जशी कोणी बॅटरी काढून नेली. आता गावात सगळे त्याला डकोटा स्मारकच म्हणतात. मकसूद म्हणला की अम्मा, डकोटा असंल तर ग्यारेज हलवायची गरज काय, इथंच दुरुस्तीला लावून टाकू.

एवढं झालं. आता तुज्यावर येते.

विजूनं तोच फोटो भिंतीएवढा मोठा करून फाट्यावर लावलाय. भावजीच्या बाजूला त्याचं सवताचं तोंड, भावजीपेक्षा मोठं. त्यात मला दिसलं की डकोट्याच्या मागं दुसरं विमान उभं हाय. त्याचं नाक खाली, अन् खिडक्या अंड्यासारख्या, लांबट गोल. तू पुढच्याचं चाक लिहिलंस, शेपटी लिहिलीस, नाक लिहिलंस, अन् मागच्याबद्दल एक अक्षर न्हाई. कावून? वर तुज्या बापाचा फोन आलता म्हणूनबी लिहिलंस. अंबाजोगाईला माज्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, ते काय तुमी बाप-लेक माज्यापुढं खेळ करणार म्हणून करून घेतलं न्हाई मी.

तुला पगार बघायचा मिळतो ना? मग जे दिसलं ते लिही. न बघितल्यासारखं करायला आमच्या गावात फुकट माणसं लई हायेत, त्यासाठी हैदराबादला जायची गरज न्हाई.

ह्या वक्ताला आशीर्वाद अर्धाच देते. उरलेला उत्तर बघून.

केसरबाई

*

हैदराबाद
३० ऑगस्ट २०२५

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

आधी एक गोष्ट दुरुस्त करते. डकोटा हे त्या विमानाचं नावच आहे. चांगलं, दणकट विमान. खूप वर्षं उडून उडून ती विमानं खिळखिळी झाली, म्हणून आपल्याकडे मोडक्या एसटीला लोक डकोटा म्हणायला लागले असावेत. मी लिहिलं ते काकांच्या बाजूचं होतं, आणि तू त्यातून त्यांचा पार अपमान करून आलीस. साहेबांना हे सांगायची माझी हिंमत झाली नाही.

आता मागचं विमान. ते व्हायकाउंट आहे. पुढे नाकाखाली चाक, चार इंजिनं आणि त्या तुझ्या अंड्यासारख्या खिडक्या. तशा खिडक्यांवरूनच आम्ही ते ओळखतो. ही विमानं आपल्या देशात सत्तावन्न साली आली. म्हणजे फोटो त्याच्या नंतरचा. अठ्ठेचाळीसचा असूच शकत नाही. मी हे पहिल्याच दिवशी पाहिलं होतं.

पप्पांनी मागच्या विमानाचं लिहू नकोस म्हणून सांगितलं होतं. रागावले नव्हते, आजी. म्हणाले, पन्नाशी उलटली तरी तालुक्याला गेलो की लोक केसरबाईचा अंगद म्हणतात, एकदा चेअरमन झालो तर अंगदराव म्हणतील. म्हणून मी तुला फक्त पुढच्या विमानाचं लिहिलं. तू आता काय करशील ते मला माहीत आहे. फक्त त्यांना चारचौघांत काही बोलू नकोस.

उरलेला अर्धा आशीर्वाद पोस्टाने आला तरी चालेल.

तुझी,
प्रियदर्शनी

*

पाली
२० सप्टेंबर २०२५

चि. प्रियदर्शनीला अ. उ. आ., पुरा.

डकोटा हे नाव हाय हे वाचलं अन् मला माजी सासू आठवली. माजं लगीन साठ सालचं. त्याच वर्षी दिवाळीच्या आगेमागे तुजे आजोबा अन् भावजी सीताफळं घेऊन हैदराबादला गेलते. माघारी आले तर दोघं नुसते फुगलेले, आमी डकोटा बघितला म्हणून. सासू म्हणली, डकोटा बघायला हैदराबाद कावून, तो बीडच्या स्टँडवर रोज उभा असतो. तो फोटो तवाच माळ्यावर गेला असणार. मीबी तवा सासूच्या बाजूनं हसले होते. हे बिचारे फळं विकून विमानतळ बघायला गेले असणार, अन् तिथल्या फोटोवाल्यानं उभं केलं असणार. तुज्या आजोबाला फोटोत घेतलं न्हाई, का त्यानंच पैसे वाचवले, ते आता कळायचं न्हाई.

सभेच्या आदल्या दिवशी विजूला सत्तावन्न सालचं सांगितलं. मला वाटलं लाजंल. त्यानं रातोरात साल खोडलं अन् नवीन फलक लावला, तालुक्यातून विमानात बसलेले पहिले शेतकरी. अशा माणसाला खोटं पाडता येत न्हाई, तो पडल्या जागेवरच नवीन खोटं पेरतो.

सतरा तारखेला मला स्टेजवर खुर्ची दिली, हार घातला, अन् कागद पुढं केला. अंगदनं पेनाचं टोपण काढून दिलं. मी पेन तसंच कागदावर ठेवलं. तू सांगितलं होतंस म्हणून त्याच्याकडं बघितलं न्हाई. माईक हातात घेतला अन् एवढंच बोलले, "राधाकिशन भावजी विमानात बसले न्हाईत. विमानापुढं उभे राहिले, फोटो काढला अन् घरला आले. तुमाला माजी जमीन आवडली असंल तर तुमीबी तिच्यापुढं उभे राहा, फोटो काढा, अन् घरला जा."

लोकं हसली. विजूबी हसला, त्याला मतं पायजेत. चेअरमन मातर आता दुसराच कोणी होणार, हे त्यानं स्टेजवरून उतरताना तुज्या बापाला सांगून टाकलं.

अंगद माज्याशी बोलत न्हाई. घरात बसावं तर मी हाय, पारावर बसावं तर लोक हायेत, विजूच्या दारात आता त्याला कोणी पाणी विचारत न्हाई. म्हणून सकाळी उठून मकसूदच्या ग्यारेजात जातो, अन् दिवसभर टायरवर बसून रुसतो. मकसूद त्याला अंगदराव, चहा घ्या म्हणतो. दुपारची भाकरी मी तिथंच पाठवते. डबा रिकामा येतो, म्हणजे भाकरीवर राग न्हाई. रुसायला तरी जागा उरली ती कोणामुळं, हे त्याला कळंल तवा येईल घरी. न्हाई कळलं तर बसू दे, जागा माजी हाय, मी उठवणार न्हाई.

तू त्याला फोन करू नको. अन् माज्यासाठी येऊबी नको, नोकरी कर, दिसंल ते लिही. एवढा लोभ ठेवलास तरी बास.

तुजी आजी,
केसरबाई