भस्माचे तीन पट्टे आणि काचेच्या झाकणाची पेटी

मी, गंगम्मा मन्मथअप्पा हलगे, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, पूर्वीचा धंदा सरकी-पेंडीचे दुकान, राहणार सेलू, जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी जागेवर आहे. डॉक्टर सुकेशनीबाईंनी आज मला तपासले, वार विचारला, सात नव्वे विचारले. मी त्यांना उलट सतरा नव्वे विचारले. थांबावे त्यांना लागले, मला नाही. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब टाकणारे होते, ते थकून पुण्याला परत गेले.

माझ्यामागे दोन माणसे आहेत. धाकटा मुलगा शंभुराज, जो आधी दुबईला होता आणि आता पुण्यात असतो. आणि थोरली सून राजनंदिनी, म्हणजे माझा थोरला मुलगा महारुद्र, जो लिंगैक्य झाला म्हणजे वारला, त्याची पत्नी. ती अंगणवाडीत काम करते आणि मला सांभाळते. या घराण्याने तिला चोर म्हटले आहे. माझे डोळे मिटले की त्याच शब्दाचा धक्का देऊन तिला दाराबाहेर काढतील. ते होऊ नये म्हणून हा कागद.

कलम १. सेलू येथील राहते घर मी दुकानाच्या कमाईतून घेतले आहे व माझ्या एकटीच्या नावे आहे. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस दत्तराव गुरुजींचे घर, उत्तरेस बोळ, दक्षिणेस जुन्या जिनिंगची भिंत. हे घर आतल्या भांड्याकुंड्यांसह राजनंदिनीला. विकायचे, भाड्याने द्यायचे की रंगवून गुलाबी करायचे, ते तिने ठरवावे. गुलाबी मला आवडत नाही, पण तेव्हा मी बघायला नसेन.

कलम २. कोठीच्या खोलीची किल्ली. ही वेगळी लिहिते, कारण शिवरंजनीच्या लग्नात ती राजनंदिनीच्या कमरेची काढून घेतली होती. शिवरंजनी ही शंभुराजची मुलगी. तिच्या लग्नात सख्खी काकू मांडवाच्या कडेला खुर्चीवर बसून होती आणि परक्या बायका कोठीतून तूप काढत होत्या. मी बोलले, आणि चांगले चारचौघांत बोलले. किल्ली दुसऱ्याच दिवशी मी परत घेतली. ती राजनंदिनीचीच आहे.

कलम ३. शोकेसमधली पेटी. हिची हकिगत नीट लिहावी लागेल.

शंभुराज दुबईहून सुट्टीवर आला तेव्हा त्याने ही सिगारची पेटी आणली. क्यूबा देशाची, जगात सगळ्यात भारी, असे सांगितले. झाकण काचेचे, आत तपकिरी सिगार ओळीने निजलेले. आमच्याकडे घरात नवी वस्तू आली की तिला आधी भस्म लागते, मग ती फ्रिज असो की सायकल. मी ओले भस्म कालवले आणि झाकणावरून खाली पेटीच्या अंगापर्यंत तीन बोटांनी पट्टे ओढले. माझ्या मधल्या बोटाचे पेर कडबा कापायच्या यंत्रात गेलेले आहे, त्यामुळे माझा मधला पट्टा नेहमी अर्ध्यातच संपतो. आमच्या घरातली तिजोरी, शिलाई मशीन, महारुद्रची मोटारसायकल, सगळ्यांवर असाच पट्टा होता. पट्ट्यांनी पेटीच्या कडेचा हिरवट कागदी शिक्काही झाकला गेला. पेटी शोकेसमध्ये बसली आणि येणारा-जाणारा काचेतून बघून मान डोलवू लागला.

शिवरंजनीच्या साखरपुड्याला मुलाकडचे आबासाहेब आले. त्यांनी जन्मभर जहाजावर नोकरी केलेली. शंभुराजने मोठ्या तोऱ्यात पेटी आणली, सगळ्यांसमोर खिशातल्या किल्लीने झाकणाच्या फटीतले तेवढे भस्म खरवडले आणि झाकण उघडले. आबासाहेबांनी एक सिगार हातात घेतली, काचेकडे पाहिले आणि हळूच परत ठेवली.

"राव, क्यूबाची खरी पेटी काचेच्या झाकणाची नसती," ते म्हणाले. "तुमाला कुणीतरी बनवलंय."

ते हसून बोलले होते. शंभुराजनेही हसून "हाव, फसलो" म्हटले असते तर तिथेच चहा आला असता. फसणे हा काही गुन्हा नाही. या बाजारात सरकीत खडे घालून मलाही फसवलेले आहे. पण व्याह्यांसमोर त्याचे तोंड उतरले आणि त्याने बोट दुसरीकडे केले.

"मी आणलेली पेटी ही न्हाईच. खरी पेटी गेली, तिच्या जागी ही आली. घरात कोण राहतंय ते बघा."

घरात मी राहते आणि राजनंदिनी राहते. माझ्याकडे कोणी पाहिले नाही.

मी ओरडले, "आरं, हे माझेच पट्टे हायत! मधला बघ की, अर्धाच हाय!"

"भस्माचे पट्टे कुनी बी ओढतंय, आई," तो म्हणाला. "आन् तुला काय कळतंय सिगारीतलं?"

हे मात्र मला लागले. तोपर्यंत मला खरोखरच काही कळत नव्हते. म्हणून मी शिकायला बसले.

कलम ४. जे शिकले ते शंभुराजला वारसा म्हणून देते, म्हणजे पुढे कोणी त्याला बनवणार नाही. आबासाहेबांनी फोनवर सांगितले, उरलेले राजनंदिनीने मोबाईलवर शोधून दाखवले. चोरीचा आळ घेतलेली बाई मला चष्मा पुसून देत होती आणि मी खरे-खोटे शिकत होते.

पहिले, काच दिसली की पेटी खाली ठेव. खरा माल लाकडी झाकणाखाली अंधारात असतो. दुसरे, कडेचा शिक्का. त्याची छपाई बारीक आणि स्वच्छ असते. आपल्या शिक्क्यावरचे भस्म मी ओल्या फडक्याने पुसले तर हिरवा रंगच फडक्याला आला. तिसरे, पेटी उलटी कर. खऱ्या पेटीच्या बुडाला लाकडात डागलेली अक्षरे असतात, नख फिरवले की लागतात. आपल्या पेटीची अक्षरे नुसत्या शाईची. चौथे, सिगारीवरची कागदी कडी. खऱ्या पेटीत सगळ्या कड्या एका रेषेत बसतात. आपल्यात एक वर, एक खाली, एक पार मागे तोंड करून. पाचवे मी माझ्या पद्धतीने केले. एक सिगार अडकित्त्यात धरून उभी चिरली. आतून विडीसारखा चुरा पडला, त्यात एक काडी आणि एक पिसाचा तुकडा. मग आबासाहेबांनी कुरियरने एक खरी सिगार पाठवली. तिचे टोक चिरून पाहिले तर आत टोकापर्यंत लांब, अखंड पाने निघाली.

राहिलेली खरी सिगार मी माजघरात बसून ओढली. तिची वाटणी होणार नाही, कोणी मागू नये. फार खोकला आला, पण राख बोटभर लांब होईपर्यंत पडली नाही. गळ्यात इष्टलिंग असलेल्या लिंगायत बाईने धूर काढला म्हणून कोणाला राग आला असेल तर येऊ द्या. सुनेला चोर म्हणताना ज्यांना राग आला नाही, त्यांच्या रागाची मला किंमत नाही.

काचेची पेटी, चिरलेल्या सिगारीच्या चुऱ्यासह, शंभुराजला. ती फेकून देऊ नये. शोकेसमध्ये ठेवावी.

कलम ५. वालूरची जमीन माझ्या वडिलांनी मला दिलेली. ती शंभुराजला देते, पण एका अटीवर. त्याने सगळ्यांसमोर, राजनंदिनीकडे तोंड करून म्हणावे, "वहिनी, तुमी काही घेतलं न्हवतं." एवढेच. माफी मागू नये, ती त्याला जमत नाही. हा कागद वाचला जाईल त्याच बैठकीत तो हे वाक्य बोलला नाही तर ती जमीनही राजनंदिनीची. तो माझ्या पोटचा आहे आणि माझा जीव त्याच्यावर आहे. त्याने हे वाक्य बोलावे असे मला फार वाटते. पण जीव आहे म्हणून मी खोटे लिहून ठेवणार नाही.

कलम ६. माझ्या पाटल्या व बोरमाळ शिवरंजनीला. तिचा यात काही दोष नाही. फक्त घालण्याआधी काकूला नमस्कार करून घालाव्यात.

कलम ७. मला आपल्या लिंगायत रीतीप्रमाणे विमानात, म्हणजे सजवलेल्या तिरडीत, बसवून न्यावे. विमानाला पुढून पहिला हात राजनंदिनीचा लागेल. बाईने खांदा द्यायचा नसतो असे सांगायला जो पुढे येईल, त्याला दत्तराव गुरुजींनी हे कलम वाचून दाखवावे आणि विमान तोवर खाली ठेवावे. मला घाई नसेल.

कलम ८. हा कागद मी पाकिटात घालून दत्तराव गुरुजींकडे ठेवते. पाकिटाच्या तोंडावर ओल्या भस्माचे तीन पट्टे माझ्या हाताने ओढते. गुरुजींना तोंडी सांगितले आहे की, मी गेल्यावर, मला उचलण्याआधी, सगळे जमले की पाकीट आधी शंभुराजच्या हातात द्यावे आणि विचारावे, "हे पट्टे कोणाचे? दुसऱ्या कोणी पाकीट बदललं तर नसंल?" त्याने उत्तर दिल्याशिवाय पाकीट फोडू नये. नंतर गुरुजींनी मोठ्याने वाचावे.

शंभू, बाळा, घराच्या आशेने तू आत्ता काय म्हणालास ते मला इथे बसून ऐकू येते आहे. तू म्हणालास, "बदललं कसं असंल? मधला पट्टा अर्धाच हाय, हे आईचंच बोट हाय."

पेटीवरही तेच बोट होते.

आता वहिनीकडे तोंड कर आणि बोल.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला व तो मला मान्य आहे.

गंगम्मा मन्मथअप्पा हलगे (सही. अंगठाही लावते, कोणाला शंका नको.)

साक्षीदार:
१. दत्तराव, निवृत्त शिक्षक, शेजारी. गंगम्माबाईंनी माझ्यासमोर सही केली.
२. डॉ. सुकेशनी. बाई पूर्ण शुद्धीत आहेत. सतरा नव्वे एकशे त्रेपन्न, हे मी नंतर पडताळले.

ठिकाण: सेलू, जि. परभणी
दिनांक: १४ फेब्रुवारी २०२५