इथपर्यंत मोठ्यानं वाचावे

अकोला,
९ मार्च १९५९

तीर्थस्वरूप नत्थुजीमामा यांचे चरणी भाचा देवमन याचा साष्टांग नमस्कार (सध्या कागदावरचाच आहे, तरी पोचता करून घ्यावा). तुमचा दमा, मामीची दाढ आणि आईची कंबर ही तिन्ही दुखणी आपापल्या जागी गुमान असतील अशी आशा करतो. माझी तब्येत उत्तम आहे. खातो, पितो, बसतो. (आई, ऐकू येऊन राहिलं ना? जरा पुढं सरक. मामा पत्र वाचताना मधेच खोकतात अन् खोकल्यानंतर एक ओळ सोडून वाचतात. ती ओळ पुन्हा वाचून घेत जा.)

मामा, राग मानू नका, पण चार महिने झाले, एक गोष्ट पोटात ठेवली आहे ती आता लिहितोच. माणूस उसना द्यायची चीज नाही. साखर द्यावी, शिडी द्यावी, फार तर जावई चार दिवस द्यावा. पण आपल्या अमरावतीच्या क्लबात उजव्या फुल बॅकची जागा एक अन् उमेदवार दोन, एक मी अन् दुसरा बापूसाहेबांचा पुतण्या कमलाकांत. त्यावर तुमच्या या बापूसाहेब वकिलांनी (अध्यक्ष म्हणून की काका म्हणून, देव जाणे) असा निकाल दिला, की देवमनला एका मोसमासाठी अकोल्याच्या कापूस-जिनिंगवाल्यांच्या संघाला उसना द्यावा. "तिथं सिद्ध करून दाखव, फायनलला मी स्वतः येतो पाहायला. पटलं तर जागा तुझी, अन् माझ्या ऑफिसात कागदांच्या नकला करायचं कामही तुझंच." अन् तुम्ही बडनेऱ्याच्या फलाटावर माझ्या हातात मामीच्या लाडवांचा पितळी डबा देऊन काय म्हणालात? "देवमन, उसनं देल्लं भांडं कोनी रिकामं वापस नाई करत. तुलेही भरूनच पाठवतीन." मी त्यावर विश्वास ठेवून गाडीत बसलो. आईनं तर गावाकडं तिवशाच्या बायकांना सांगून टाकलं म्हणे, की पोरगा परमुलखात खेळायला गेला. आई, अकोला साठ मैलांवर आहे. पण तुझंच बरोबर निघालं, परमुलूख तो परमुलूखच.

इथलं पहिलं दुःख म्हणजे पाणी. आमच्या वस्तीतल्या विहिरीचं पाणी असं खारट, की चहात साखर घातली तरी ती लाजून मागं राहते. आम्ही बाहेरगावचे तिघे खेळाडू मनकर्णाबाईकडे जेवतो. बाई विधवा आहे, घरात तीन लेकरं, एक म्हातारी सासू, अन् जिनिंगमध्ये सरकी वेचून आल्यावर आमचा स्वयंपाक. मला दारात पाहिल्याबरोबर तिनं सासूला ऐकू जाईल असं म्हटलं, "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं!" त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. दोन तास चुलीवर ठेवली तरी दाणा जसाच्या तसा. पहिल्या दिवशी मी ताटाकडे जरा जास्त वेळ पाहिलं असेल, तर लगेच, "खाय ना बापा, काय पाहून राह्यला? डाय शिजत नाई त मी काय करू? पान्याले जाऊन इचार!" मी मुकाट्यानं चावली. चार महिन्यांत माझे पाय किती मजबूत झाले ते सांगता येत नाही, पण जबडा मात्र कोणत्याही संघाशी टक्कर देईल.

दुसरं दुःख बुटांचं. खेळाडू अकरा अन् बुटांचे जोड माझा धरून सहा. म्हणून दोघांत एक जोड अशी वाटणी. डावऱ्यानं डावा घालायचा, उजव्यानं उजवा, दुसरा पाय देवाच्या भरवशावर. तुम्ही घेऊन दिलेले माझे दोन्ही बूट दोन्ही पायांत पाहून लोक मला चार दिवस "साहेब" म्हणत. तिसरं दुःख मैदान. आपली काळी माती उन्हाळा लागला की कशी फाटते ते तिवशाच्या माणसाला सांगायला नको. इथं भेगा अशा, की एकदा रेफ्रीची शिट्टी पडली ती अजून सापडली नाही. मग सामन्याच्या आदल्या दिवशी जिनिंगचे गडी पोत्यानं बैलांच्या चाऱ्याचं कुटार आणतात अन् भेगांमध्ये ठासून ठासून भरतात. वरून माती टाकली की मैदान एकदम सपाट, जसं लग्नातल्या मुलाचं वय. जिनिंगचे शेठ म्हणाले, ही युक्ती त्यांच्या वडिलांची. मी म्हटलं, वडील फुटबॉल खेळत? तर म्हणाले, नाही, त्यांना बैलांचा शौक होता.

आता मुद्द्याचं. परवा फायनल झाली, मूर्तिजापूरच्या रेल्वेवाल्यांशी. बापूसाहेबांसाठी शेठनं घरून गादीची खुर्ची आणवली, वर छत्री बांधली, शेजारी माठ ठेवला. दुपारी तार आली: सुनावणी निघाली, येणे अशक्य, शुभेच्छा. मामा, तुम्ही त्यांचे मुन्शी, सुनावणी असेल तर तुम्हाला ठाऊक असेलच. मी काही विचारत नाही. पण खुर्ची तशीच राहिली अन् मी पूर्ण सामना त्या खुर्चीला दाखवून दाखवून खेळलो. वेडेपणा आहे, पण तुमच्यापासून काय लपवू. समोर त्यांचा सेंटर फॉरवर्ड, इंजिनात कोळसा टाकणारा गडी, धावत आला की आपण रुळावर उभे आहो असं वाटे. त्याला मी सत्तर मिनिटं गोलाजवळ फिरकू दिला नाही. सात वेळा आला, सात वेळा बॉल काढला. लोक म्हणत होते, "हा अमरावतीचा पोट्टा भिंत आहे का काय?" आपला एक गोल झालेला. शेवटच्या दोन मिनिटांत आपला गोलकीपर चुकीच्या बाजूला पडला, बॉल रेषेकडे निघाला, अन् मी धावत जाऊन डाव्या पायानं तो बाहेर ढकलला. एक-शून्य! जिंकलो, मामा! मला चौघांनी उचलून मैदानाबाहेर नेलं. शेठनं हार घातला. मनकर्णाबाई पण आली होती, तिनं सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. आई, तू असतीस तर तूही मोडली असतीस.

आईला, मामीला नमस्कार. कळावे, लोभ असावा, डाळ असावी अन् ती शिजलेली असावी.

तुमचा (अद्याप उसना)
देवमन

(दुसरा कागद)

मामा, इथपर्यंत मोठ्यानं वाचावे. हा कागद खिशात घालावा अन् ओसरीवर जाऊन मनात वाचावा. आईनं विचारलं तर क्लबचं कामकाज आहे म्हणा.

ता. क. : सामना पाहायला आसपासच्या गावांतून तीसेक बैलबंड्या आल्या होत्या. लोकांनी बैल सोडून एका गोलामागं बांधले, हाफ टाइमनंतर तोच आपला झाला. सामना लागायच्या आधी अन् हाफ टाइमला, जेव्हा सगळा गाव लिंबू-सरबताभोवती होता, तेव्हा त्यांतल्या एका जोडीनं दावं ताणून गोलासमोरच्या भेगांमधलं कुटार खाऊन टाकलं. कोणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही, मी खुर्चीकडे पाहत होतो. त्या शेवटच्या बॉलला माझा उजवा पाय भेगेत गेला, घोट्याच्या वरपर्यंत. पाय तिथंच राहिला अन् मी फिरलो. म्हणून बॉल डाव्यानं ढकलावा लागला. चौघांनी उचलून नेलं हे खरं आहे, मी खोटं लिहिलेलं नाही. पडल्या पडल्या मला समोर तो बैल दिसला. शांतपणे रवंथ करून राहिला होता. बूट निघेना, डॉक्टरांनी कात्रीनं कापून काढला. ते म्हणतात, हाड बसेल पण गुडघा आता वाकायचा नाही. मी विचारलं, थोडाही? तर त्यांनी दुसऱ्या पेशंटला हाक मारली. मामा, मी त्या दिवशी फार रडलो. पोटभर रडलो. साष्टांग नमस्कारात गुडघेही मोजतात म्हणे, तेव्हा पहिल्या ओळीतल्या नमस्कारातून एक वजा करावा.

ता. क. २ : बापूसाहेबांना सांगा, जागा कमलाकांतला द्या. तो वाईट खेळत नाही. त्याचा पाय डावा आहे, म्हणून माझा डावा बूट पाठवत आहे, दोरी नवी आहे. मी सात वेळा बॉल काढला हे मात्र त्यांच्या कानावर घाला. पाहिलेलं कोणीतरी हवं होतं एवढंच, बाकी काही नाही. शेठनं मला इथंच काम दिलं आहे. सामन्याच्या आधी भेगांमध्ये कुटार भरून घ्यायचं अन् सामना संपेपर्यंत काठी घेऊन बैलांवर नजर ठेवायची. स्टूल देणार आहेत. शेठ म्हणाले, या कामाला अनुभवी माणूस पाहिजे होता.

ता. क. ३ : पत्र आणणाऱ्या माणसाबरोबर मामीचा पितळी डबा पाठवला आहे. त्यात तुरीची डाळ आहे, मनकर्णाबाईनं भरली. मी नको नको म्हणत होतो, तिची लेकरं समोरच उभी होती. तर मलेच वरडली, "रिकामा डबा पाठवते का कोनी? लोक काय म्हनतीन?" अमरावतीच्या पाण्यात ती डाळ शिजेल. आईला वाढा.

ता. क. ४ : हे सगळं ज्यासाठी लिहिलं ते आता लिहितो. आईला यातलं काही सांगू नका. ती तुमच्या घरात आहे, तिला वाचता येत नाही, अन् तुमच्याशिवाय तिला कोणी वाचून दाखवत नाही, तेव्हा हे तुमच्या हातात आहे. तिला सांगा, अकोलेवाल्यांना देवमन इतका आवडला की त्यांनी उसनवारी वाढवून घेतली. मी दर महिन्याला पत्र पाठवीन, तुम्ही फक्त खोकत खोकत वाचा. पुढच्या महिन्यात आम्ही खामगावला दोन-शून्यानं हरवतो, ते पत्र लिहून तयार आहे. त्यानंतरचा सामना बरोबरीत सोडवला आहे, नाहीतर तिला संशय येईल.