भिंतीवर चित्रच राहिलं

नालवाडी, वर्धा
रविवार, १६ नोव्हेंबर

प्रिय बाबा,

वर्ष झालं, तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. माफ करा. रोजनिशी लिहीत होते, पण तिच्या पानावर ‘प्रिय बाबा’ लिहिल्यावर पुढे काय सांगायचं ते सुचत नव्हतं. आज सांगण्यासारखं आहे. आपण जिंकलो!

काल तुमचं वर्षश्राद्ध झालं. पानं वाढायच्या आधी मोठे बाबा थोरल्या भावाच्या हक्काने तुमचा मोठा करून आणलेला फोटो घेऊन आले, हारासकट. दारासमोरच्या भिंतीशी त्यांनी स्टूल ओढलं आणि मला म्हणाले, ते खाली काढ.

ते म्हणजे तुमचं चित्र. मागच्या खोलीत भाड्याने राहिलेल्या अमेरिकन बाई जाताना देऊन गेल्या ते छापचित्र. वर मोठा काळा चौकोन, जरासा कललेला. खाली विटकरी पट्टा. दोघांमध्ये पांढरी फट. चित्रकार मुळात शिल्पकार, महायुद्धानंतर तिकडे लोखंडाची मोठमोठी कामं केलेला. बाईंनी एवढंच सांगितलं आणि आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवणारे तुम्ही त्या कागदाच्या प्रेमात पडलात! येईल त्या पाहुण्याला चहाच्या आधी तुमचा प्रश्न: “काळं एवढं जड आहे, तरी पडून नाई राह्यलं. काऊन?” लोक हसायचे. मोठे बाबा तर त्याला रस्त्यावरच्या विजेच्या डीपीचा डबाच म्हणत.

काल तेच म्हणाले. “माणूस गेला की दारासमोर त्याचा फोटो लागते, पोरी. डीपीचा डबा नाई.”

मी काय उत्तर देणार होते, माहीत आहे? हे फार मौल्यवान आहे, असं. खरं सांगते, मला दुसरं काही सुचलंच नाही. मी तुमच्यासाठी भांडायला उभी होते की चार लोकांत शहाणी दिसायला? रात्रभर विचार केला, अजून ठरलं नाही.

पण माझ्या आधी आई बोलली. भासऱ्यासमोर जन्मात तोंड न उघडलेली आपली आई! डोक्यावरचा पदर सावरला आणि स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाली, “यायनं आल्यागेल्याले जन्मभर हे चित्र दाखवलं. सोताचं तोंड पाहाले कोणाले बोलावलं होतं का? चित्र तिथंच राहीन. फोटो माह्यापाशी द्या.”

मोठे बाबा त्याच स्टुलावर बसले आणि चित्राकडे पाहत राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, बाबा! मग हळूच म्हणाले, लाल पट्ट्यानं टेकू दिला असेल.

“नाई,” आई म्हणाली. “लाल त त्याले लागूनही नाई. ते पांढरं धरून राह्यलं त्याले.”

आणि दोघं वाद घालू लागले. भाताची वाफ गेली, कढी पुन्हा तापवावी लागली, तरी दोघं ऐकेनात. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला हसू आवरत नव्हतं.

एक रागही आहे मात्र. अख्ख्या गावाला विचारलंत, आईला एकदा तरी विचारलंत का? त्या भिंतीसमोर बसून ती वर्षानुवर्षं तांदूळ निवडत होती. तिच्याकडे उत्तर तयार होतं हो! विचारलं असतं तर तुम्हाला किती आनंद झाला असता.

तुमचा फोटो आता तिच्या पलंगाजवळ आहे. हार तिने काढून ठेवला, तुम्हाला गळ्यात काही आवडत नसे म्हणे.

वचन देते, मी आहे तोवर हे चित्र त्या भिंतीवरून उतरणार नाही. आणि यापुढे पाहुण्यांना ते आई दाखवेल.

तुमची,
वंदना

उद्या: समोरच्या खिडकीला जाड पडदा शिवायला टाकणे. दुपारचं ऊन थेट विटकरी पट्ट्यावर येतं.