काळ्या खिडकीतली किल्ली

२ जून
नवा कॉम्प्युटर आला. जुन्याचा पंखा दिवसभर कण्हत असे, हा अगदी गप्प. गप्प यंत्रावर माझा विश्वास नाही, पण आता घेऊन बसलो.
हिची गाणी जुन्यावरून यावर आली. सगळी कुलपात. गळ्याच्या ऑपरेशनआधी भाच्याने हिला समोर बसवून भरून घेतली होती. कुलूप माझ्या आग्रहाने. तेव्हा भाचा म्हणाला होता की मामीची गाणी कोण चोरणार? त्यावर ही त्याच्याशी बोलेनाशी झाली. तेव्हा हिला आवाज होता, म्हणून न बोलण्यालाही वजन होतं.

३ जून
गाणी उघडत नाहीत. भाच्याला फोन केला. तो म्हणाला, कुलपाची किल्ली म्हणजे एक फाइल आहे. ती जुन्या पद्धतीची. नवा प्रोग्राम ती वाचत नाही, नव्या पद्धतीत बदलून घ्यायची. कमांडच्या एका ओळीचं काम आहे, पण मामा, तुम्ही हात लावू नका, मी सुटीत येतोच आहे.
एका ओळीचं काम, आणि मी हात लावायचा नाही! शाळा नववीत सुटली हे खरं. पण जन्मभर छापखान्यात उलट्या अक्षरांचे खिळे जुळवले. इंग्रजी मला समजत नसेल, उलटं मात्र घडाघडा वाचतो.
दुपारी हिने पाटीवर लिहिलं, गाणं लावा ना. ऑपरेशनपासून हिने औषध-पाण्याशिवाय काही मागितलेलं नाही. म्हणालो, उद्या सकाळी, चहाबरोबर.

४ जून, सकाळी
चहा झाला. गाणं नाही.
भाच्याच्या मागे लागून ती ओळ मागवून घेतली. वर त्याने बजावलं की किल्ली कुणाच्या हाती लागता कामा नये. लगेच प्रती मोजल्या. किल्लीची एक प्रत पेनड्राइव्हवर, एक ईमेलमध्ये, एक जुन्या कॉम्प्युटरवर. म्हणजे घर सताड उघडं टाकून आम्ही झोपत होतो.

४ जून, संध्याकाळी
बंदोबस्त केला. पेनड्राइव्ह पुसला. ईमेल काढली, तिथल्या कचरापेटीतूनही काढली. जुना कॉम्प्युटर भंगारवाल्याला दिला. तो म्हणाला, काका, हा तर चालू आहे. म्हटलं, म्हणूनच. माझ्यादेखत फोड.
आता किल्ली जगात एकच. आज शांत झोप लागेल.

६ जून
झोप लागत नाही.
कमांड लिहायची काळी खिडकी उघडली. आत एक पांढरी रेघ उघडझाप करते, जणू मी कधी चुकतो याची वाट बघते आहे. ओळ लिहिली. अशी कमांड नाही म्हणे. दोन शब्दांमध्ये मोकळी जागा सोडायची राहिली होती. माझ्या धंद्यात ही लाजिरवाणी चूक. चष्म्याचा नंबर वाढला असणार.
ही पाटीवर लिहिते, भाच्याला येऊ द्या. वाचलं नाही असं दाखवलं.

७ जून
भाच्याची ओळ नीट तपासली. आधी जुन्या फाइलचं नाव, मग बाणासारखी खूण, मग नव्या फाइलचं वेगळंच नाव. इथे त्याची चूक सापडली. एका किल्लीच्या दोन फाइली कशाला? छापखान्यात दुरुस्त प्रूफ आलं की जुनं टेबलावरून हललंच पाहिजे, नाहीतर जुन्या चुका पुस्तकात शिरतात. हे कॉलेजात शिकवत नाहीत.
बाणाच्या दोन्ही बाजूंना एकच नाव घातलं. क्षणात झालं! खाली इंग्रजीत एक ओळ आली, ती वाचत बसलो नाही. फाइलवर तारीख आजची, म्हणजे नवी झाली. आकार शून्य दाखवतो. नव्या पद्धतीत किल्ल्या हलक्या करत असावेत.
हिला म्हणालो, जमलं. हिने केस विंचरले आणि खुर्ची कॉम्प्युटरजवळ ओढली.

७ जून, संध्याकाळी
नवा प्रोग्राम टाकाऊ आहे. ही अजून खुर्चीवर. म्हटलं, यंत्राला जरा वेळ दे.

९ जून
प्रोग्रामची तक्रार करायला भाच्याला फोन केला. त्याने फाइलचा आकार विचारला. शून्य, मी ऐटीत सांगितलं. त्याने पुन्हा विचारलं. शून्यच. मग म्हणाला, मामा, तो बाण ज्या फाइलवर रोखाल ती आधी रिकामी करतो, मग तिच्यात लिहितो. किल्ली वाचली जायच्या आधीच पुसली गेली.
मग म्हणाला, हरकत नाही, पेनड्राइव्ह लावा. सांगितलं. ईमेल? सांगितलं. जुना कॉम्प्युटर? तेही सांगितलं. तुझ्याकडे प्रत कशी नाही म्हणून मीच त्याला झापलं. तो म्हणाला, गाण्यांची नाही, किल्लीची नाही, काही म्हणजे काही ठेवू नकोस, अशी तुम्हीच शपथ घातली होती.
तरी भंगारवाल्याकडे जाऊन आलो. त्याने पत्रा वेगळा, तारा वेगळ्या केल्या होत्या. शिस्तीचा माणूस.

१० जून
भाच्याला म्हटलं, नवी किल्ली बनव. म्हणाला, हव्या तेवढ्या बनतील, या कुलपाला लागणार नाहीत. म्हटलं, मग एकेक लावून बघू. म्हणाला, जगातले सगळे कॉम्प्युटर कामाला लावले तरी सूर्य विझेपर्यंत संपणार नाही.
म्हणजे वेळ लागेल. उद्यापासून बसतो.

१३ जून
बसलो नाही.
आज हिला सांगितलं. सरळ सांगणार होतो, पण सुरुवात प्रोग्रामपासून केली, मग भाच्यावर आलो, मग भंगारवाल्यावर. माझ्यापर्यंत पोचायच्या आधीच हिला कळलं होतं.
रडली नाही. माझ्यासमोर नीट बसली आणि गायला लागली. ओठ हलत होते, मान लयीत डोलत होती, बोटं मांडीवर ताल धरत होती. गळ्यातून नुसती हवा. पूर्ण गाणं म्हटलं, कडव्यांसकट. संपल्यावर भुवया उंचावून विचारलं, ओळखलं का?
म्हटलं, हो तर! आणि एका गाण्याचं नाव घेतलं.
हिने मानेनेच नाही म्हटलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.
दुसऱ्यांदाही मला ओळखता आलं नाही.