बदकाची उन्हाळी ड्यूटी

३ मे

सुट्टी लागली आणि वरून परिपत्रक आलं — सुट्टीच्या काळात विद्यार्थी व कुटुंबीय यांच्या भावनिक स्वास्थ्यासाठी प्रत्येक शाळेने ठोस उपक्रम राबवावा. मोठ्या बाईंनी लगेच मला बोलावलं. शाळेची समुपदेशक मीच. मला खोलीसुद्धा आहे, खेळाच्या सामानाची. मुलं व्हॉलीबॉलच्या जाळ्यावर बसून मन मोकळं करतात.

"ठोस म्हणजे काय हो?" मी विचारलं.

"ज्याचा फोटो निघतो ते," मोठ्या बाई म्हणाल्या.

तेवढ्यात शिपाई विचारायला आला, सुट्टीत बदकाचं काय करायचं? विज्ञानाच्या सरांनी मुलांना दाखवायला पेटीत अंडी उबवली होती. पिल्लू निघालं एकच. आता ते चांगलं दांडगं झालंय. बाकांच्या रांगांतून मान ताठ ठेवून असं चालतं की मुलांनी नाव ठेवलं पर्यवेक्षक. आणि सर गेले सासुरवाडीला.

मोठ्या बाईंनी क्षणभर डोळे मिटले. मग म्हणाल्या, "एका दगडात दोन पक्षी. त्यातला एक तर आपल्याकडे आहेच."

म्हणजे सुट्टीभर बदक मुलांच्या घरोघरी राहायला जाणार. त्याने भावनिक स्वास्थ्य जपलं जाणार. ने-आण करणार मी.

घरी सांगितलं. नवरा जेवता जेवता थांबला. "बदकाला कळवलंय का?"

५ मे

पहिलं घर जुळ्यांचं. पाचवीतले दोघं भाऊ, सुट्टी लागल्यापासून एकमेकांच्या जिवावर उठलेले. त्यांच्या आईने दारातच हात जोडले. "बाई, भावनिक वगैरे काही नको. संध्याकाळपर्यंत दोघं जिवंत राहिले तरी पुष्कळ."

खोक्याचं झाकण उघडलं. पर्यवेक्षक बाहेर आला, घर नजरेखालून घातलं आणि थोरल्याच्या पोटरीला चावला. धाकटा हसला. मग धाकट्याला चावला.

मी निघाले तेव्हा दोघं भाऊ एकाच खुर्चीवर उभे होते, गळ्यात गळा घालून.

८ मे

जुळ्यांच्या वडिलांचा फोन, पहाटेच. बदक कपाटात शिरून इस्त्रीच्या शर्टांवर बसलंय, उठायला तयार नाही. मी विचारलं, मुलं कशी आहेत? म्हणाले, "मुलं छान आहेत. मुलांचं एकदम गूळपीठ जमलंय. मी ऑफिसला काय घालून जाऊ ते सांगा."

९ मे

विज्ञानाच्या सरांना फोन लावला. बदक चावतं का हो? म्हणाले, "मला तरी कधी चावलं नाही. मी जवळच गेलो नाही कधी."

१२ मे

आज टिकलीचं घर.

तिसरीतली मुलगी. कपाळावर बारीक तीळ आहे, म्हणून सगळे टिकलीच म्हणतात. वर्षभर मधल्या सुट्टीत माझ्या खोलीत यायची. रडायची नाही, तक्रार नाही. एकदा फक्त म्हणाली होती, "बाई, मला निरोप विसरायची भीती वाटते." कसले निरोप ते मला आज कळलं.

वडील लिफ्ट दुरुस्त करतात, आई चष्म्याच्या दुकानात असते. दोघंही माणसं चांगली. फक्त एकमेकांशी बोलत नाहीत. कधीपासून, ते टिकलीलाही आठवत नाही. घर दोन खोल्यांचं. माझ्यादेखत आई आतून म्हणाली, "टिकले, बाबांना सांग, बाईंना पंख्याखाली बसवा." वडील तीन पावलांवर उभे. टिकली त्यांच्याकडे वळली. "बाबा, बाईंना पंख्याखाली बसवा." वडील म्हणाले, "आईला सांग, बसवलंय."

हसू यायला हवं होतं. आलं नाही. कारण टिकली मधल्या दारात उभी होती, दोन्हीकडे कान लावून, परीक्षेला बसल्यासारखी. शाळा असते तेव्हा पोरीची निदान दुपारपर्यंत तरी सुटका. आता सुट्टी. म्हणजे पोस्टमनला सुट्टी नाही.

यावर बोलायचं तर कुणाशी, तिच्यामार्फतच की काय! बदकाची माहिती तेवढी दिली. वाटाणे द्या, काकडी बारीक चिरून द्या, पाव अजिबात नको, रोज टबात डुंबू द्या. टबातून काढताना एकाने पंख धरायचे, दुसऱ्याने पुसायचं. मोठ्या माणसांचं काम आहे, लहान मुलांना झेपत नाही — हे शेवटचं मी पदरचं घातलं.

१४ मे

टिकलीचा फोन. "बाई, पर्यवेक्षक रात्री बाबांच्या चपलेवर झोपला. आईने बाबांना सांगायला सांगितलं की चपला वर ठेवा. बाबांनी आईला सांगायला सांगितलं की बदक वर ठेव."

"मग तू काय केलंस?"

"दोघांना सांगितलं."

१५ मे

दुपारी टिकलीच्या आईचा फोन, तोही कुजबुजत. टिकली शेजारी खेळायला गेली होती आणि बदक वॉशिंग मशीनच्या मागे अडकलं. ही एका बाजूने ओढतेय, टिकलीचे वडील दुसऱ्या बाजूने. निरोप द्यायला घरात कुणी नाही. बदक बोंबलतंय.

"मग?"

"मग हे बोलले."

"काय बोलले?"

"शेपूट धर, म्हणाले."

"तुम्ही?"

"मी म्हटलं, शेपूट धरून बदक निघतं का कधी, पंख धरा." मग आवाज आणखी खाली आणला. "बाई, किती दिवसांनी बोललो, आणि काय बोललो बघा."

मी म्हटलं, सुरुवात कशानेही होते. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात एकटीच हसत बसले.

१७ मे

मोठ्या बाईंना फोटो हवा. आनंदी कुटुंबाचा. गेले. वडील बदकाकडे बघतायत, आई बदकाकडे बघतेय, बदक कॅमेऱ्याकडे. टिकलीचे डोळे मिटलेले, कारण ती हसत होती. सगळे दात दिसतायत. तिला इतके दात आहेत हे मला माहीत नव्हतं.

१८ मे

जुळ्यांच्या आईचा फोन. भाऊ पुन्हा भांडायला लागलेत, बदक ताबडतोब परत पाठवा. म्हटलं, अहो, ते चावत होतं ना? "म्हणूनच तर," ती म्हणाली. "दोन दिवस तरी द्या. शर्ट मी घड्या करून माळ्यावर टाकते."

२० मे

बदक आणायला टिकलीकडे गेले. दार उघडंच होतं. टिकली एकटीच जमिनीवर पालथी पडून पाय हलवत होती.

"काय करतेस?"

"काही नाही," ती म्हणाली. मग तिलाच नवल वाटल्यासारखं पुन्हा म्हणाली, "काहीच नाही करत."

आतून पाण्याचा आवाज येत होता. न्हाणीघराचं दार अर्धं उघडं. आई स्टुलावर, वडील उपड्या बादलीवर, मध्ये टबात पर्यवेक्षक गोल गोल फिरतोय. आणि दोघं बोलतायत. हळू, थांबत थांबत, एकमेकांकडे न बघता. बदकाकडे बघून बोलणं सोपं जात असावं. वडिलांच्या बाह्या भिजल्या होत्या. आईचे डोळे लाल होते, पण आवाज साधा.

मी खोकले. वडील बाहेर आले, हात पुसत.

"बाई, अजून थोडे दिवस राहू द्या ना त्याला. बोलणं चाललंय आमचं."

मी कशाला नेतेय! जुळ्यांच्या आईला कळवलं, पर्यवेक्षकाची ड्यूटी वाढवली आहे. ती जे बोलली ते इथे लिहीत नाही.

घरी येईपर्यंत रस्त्यात मी जवळजवळ गात होते. बावीस वर्षांच्या नोकरीत मला जे जमलं नाही ते एका पक्ष्याने केलं. वाईट वाटायला हवं, वाटलं नाही.

२२ मे

मोठ्या बाईंनी वर कळवलं: उपक्रमामुळे एक कुटुंब जुळलं. शब्द त्यांचे. मीही मान डोलावली.

नवरा म्हणाला, "बढती कुणाला? तुला की त्याला?"

२४ मे

वरून उत्तर आलं. उपक्रम कौतुकास्पद. सर्व शाळांत राबवण्याचा विचार आहे. बदकांची मागणी नोंदवावी. प्रत्येक बदकास प्रशिक्षण दिले आहे काय, असल्यास कोणी?

मोठ्या बाई दिवसभर डोकं धरून बसल्या. संध्याकाळी म्हणाल्या, "सासुरवाडीला फोन लावा. सरांना म्हणावं, परत या आणि अंडी उबवा."

२५ मे

शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापकांचा फोन. बदक मिळत नाहीये, कोंबडी चालेल का?

म्हटलं, मला विचारू नका. मी फक्त ने-आण करते.

२८ मे

सकाळी टिकलीचा फोन.

"बाई, काल आईबाबांनी मला बसवलं. मध्ये नाही, समोर. आणि दोघं मिळून बोलले. बाबा आता दुसरीकडे राहणार आहेत. जवळच, चालत जाता येतं. भांडण नाही म्हणाले. खूप बोलून ठरवलं म्हणाले. आणि यापुढे काही सांगायचं असेल तर ते दोघंच एकमेकांना फोन करणार. माझ्याकडे सांगणार नाहीत."

माझ्या तोंडातून निघालं, "बदक कसं आहे?"

"बदक बरं आहे." मग हळूच म्हणाली, "बाई, तुम्ही येता का? कुणाचा निरोप नाहीये. माझंच काही सांगायचंय."