डावीकडची कड

अप्पा,

काल दुपारी तुमचा अल्बम मी पाण्यात घातला. एक्स-रे फिल्म धुवायचा, इस्पितळाने बाद केलेला एक ट्रे माझ्याकडे आहे. त्यात कोमट पाणी घेतलं आणि एकेक पान सुटं करून बुडवलं. तुमची खळ वीस मिनिटांत सुटली. मैद्याच्या खळीत मोरचूद घातलं की कसर लागत नाही, हे तुम्ही मला किती वेळा ऐकवलं होतंत. कसर लागली नाही, हे खरं. प्रत्येक फोटोभोवती हिरवट डाग मात्र पडला आहे आणि तो तुम्हाला कधी दिसला नाही. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत त्या अल्बमला हात लावायची मला गरज पडली नव्हती, इच्छा तर नव्हतीच.

तुम्ही स्वतःला इतिहास जमवणारे समजत होतात. आठवडाभर तालुका कचेरीत नकला उतरवायच्या आणि रविवारी धुतलेलं धोतर नेसून, कापडी पिशवी घेऊन बसने हिंडायचं. तिरुवैयारु, पापनाशम, ओरत्तनाडु. या तमिळ मुलखात जिथे एखादं मराठी घर असेल तिथे जाऊन जुनी पोस्टकार्डं आणि फोटो मागायचे. मागताना तुमचा आवाज असा असायचा, जणू त्या लोकांनी तुमची वस्तू इतके दिवस सांभाळली होती. मला बरोबर न्यायचात ते कौतुकाने नव्हे. "पोर बरोबर असली की बायका पेटी उघडतात," असं तुम्ही आईला सांगताना मी ऐकलं होतं. मी बारा वर्षांची होते. बायका मला काप्पी द्यायच्या, माझी वेणी हातात घेऊन बघायच्या, आणि खरोखरच पेटी उघडायच्या.

मग घरी आल्यावर इतिहास तयार व्हायचा. ज्याच्या डोक्यावर पागोटं तो सरदार. पापनाशमच्या एका घरातला आचारी तुमच्या अल्बमात 'दरबारातील मानकरी' झाला आहे. त्याच्या हातात भाताचा झारा आहे. कावेरीच्या घाटाचं एक पोस्टकार्ड आहे, त्याखाली तुम्ही 'दोनशे वर्षांपूर्वीचा देखावा' असं लिहिलंत. त्यात विजेचा खांब आहे, असं मी बोट ठेवून दाखवलं. तुम्ही म्हणालात, "खांबाकडे कशाला बघतेस? घाट बघ." दुसऱ्या दिवशी खांब कापला गेला. तेव्हापासून ही रीतच पडली. जे मथळ्यात बसत नाही ते कडेवरून कापलं जायचं. आणि ते मथळे वाचणार कोण होतं? आपल्या आळीत देवनागरी वाचणारी पाच माणसं नसतील. पुण्याहून कुणी विद्वान येईल, म्हणायचात. कुणी आलं नाही. ते सगळे मथळे मी एकटीने वाचले, आणि मराठी लिहायला शिकले तीही त्या थापांवरूनच.

ओरत्तनाडूचा तो रविवार मला नीट आठवतो. छत्रमच्या, म्हणजे जुन्या अन्नछत्राच्या, समोरच एक बाई राहते. नवरा छत्रमात पाणी भरायचा, तो गेलेला. ती पेटीतून रुमालात गुंडाळलेला फोटो काढते. मधोमध छत्रमची दर्शनी बाजू आणि खांब, आणि डाव्या कडेला पायघोळ रेशमी परकर, पावाडै, नेसलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी, एक हात वर केलेला. "माझी लेक," बाई सांगते. "तापानं गेली. तिचा म्हणून एवढाच आहे." तुम्ही खांब बघत आहात. "आठ दिवसांत आणून देतो, आक्का," तुम्ही म्हणता. तिचा तुमच्यावर विश्वास बसत नाही, कारण ती माझ्याकडे वळते. "तू आहेस ना, बाळ? तू आठवण कर अप्पांना." मी मान हलवते.

आठ दिवसांनी तो फोटो अल्बमात होता. खाली 'अन्नछत्र, ओरत्तनाडु', वळणदार अक्षरात. मुलगी नव्हती. "हलली आहे ती," तुम्ही म्हणालात, "चित्र बिघडवलंय पोरीनं." मी तुम्हाला आठवण केली नाही. पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात.

दीड महिन्यापूर्वी ती बाई इस्पितळात आमच्या एक्स-रे विभागात आली. मनगट मोडलेलं होतं. मी तिचा हात फिल्मच्या कॅसेटवर ठेवला आणि रोज सगळ्यांना सांगते तसं तमिळमध्ये सांगितलं, "हलू नका, हललं की बिघडतं." तिचा हात हलला नाही. तिने चेहरा माझ्या चेहऱ्याजवळ आणला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला दिसत होता. मग आपल्या भाषेत म्हणाली, "भुवया त्यांच्याच. फोटो मागत फिरायचे त्यांची लेक ना तू?"

"हो."

"कसे आहेत?"

"नाहीत आता."

"असं," ती म्हणाली. "त्यांचे आठ दिवस झाले का नाही अजून?"

मी फिल्म धुवायला आत गेले. बाहेर आले तेव्हा ती म्हणाली, "डोळे जायच्या आत दे म्हणजे झालं."

म्हणून काल अल्बम भिजवला. फोटो सुटले तसे उलटे करून वाळत घातले, आणि प्रत्येकाच्या पाठीवर तुमच्या हातची पेन्सिल दिसली. 'परत.' आचारी, परत. घाट, परत. अन्नछत्र, परत. एक्केचाळीस फोटो, आणि एकही त्या खुणेवाचून राहिलेला नाही. परत द्यायचे म्हणून तुम्ही स्वतः खूण केलीत आणि मग त्या खुणेवरच खळ फासलीत. तुम्ही सरळ चोर असतात तर मला तुमच्याबद्दल थोडा तरी आदर वाटला असता.

आज सकाळी तिचं प्लॅस्टर काढलं. मी लखोटा दिला. तिने फोटो उजव्या डोळ्याला जवळजवळ चिकटवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवला. मग डाव्या कडेवरून अंगठा फिरवला. "इथं होती," ती म्हणाली. "कुणी कापलं ग?"

"अप्पांनी."

तिने पुन्हा अंगठा फिरवला. "किती सरळ कापलंय," म्हणाली. फोटो लखोट्यात घालून तिने तो माझ्या टेबलावर ठेवला. "हा तुमच्याकडेच राहू दे. छत्रम मला दारातून दिसतं."

तो लखोटा आता माझ्यासमोर आहे. हा कागद त्यातच ठेवणार आहे. दुसरीकडे कुठे तो जायचा नाही.

अप्पा, लेखणीला स्थिर असणारा तुमचा उजवा हात पातं धरलं की थरथरायचा. अल्बमातली एकही कड तुम्ही कापलेली नाही. त्यासाठीच तुम्ही मला मद्रासहून पोलादी फूटपट्टी मागवून दिलीत, तुम्ही दिलेली ती एकच वस्तू, आणि 'किती सरळ कापतेस' हे माझ्याविषयी तुम्ही बोललेलं एकच चांगलं वाक्य. तुम्हाला जवळचं बारीकसारीक धड दिसत नव्हतं, म्हणून मुलगी हलली आहे असं तुम्हाला वाटलं. हलला होता तो फक्त वर केलेला हात. चेहरा स्वच्छ आला होता, पापण्यांसकट. कापण्याआधी मी तो पाहिला होता. फूटपट्टी नवी होती.